छावणीचे गाव

अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेजवळ, वर्षातील निम्म्याहून अधिक काळ बर्फाखाली राहणाऱ्या मुलखात 'चिकन' या नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याच्या शोधात निघालेले लोक तेथे तंबू ठोकून राहिले. त्या भागात टार्मिगन नावाचा कोंबडीसारखा पक्षी विपुल होता आणि त्याच्याच मांसावर त्यांनी हिवाळे काढले. वस्तीला या पक्ष्याचे नाव द्यावे असे ठरले. परंतु त्याचे स्पेलिंग कोणालाच धड येईना, म्हणून अखेर 'चिकन' या नावावर भागविण्यात आले, अशी आख्यायिका आहे. पुढे सोने सरले आणि माणसेही पांगली. आज तेथे वर्षभर राहणारी माणसे डझनभरच असतील.

तेथून पूर्वेला, कॅनडाच्या हद्दीत, डॉसन हे गाव आहे. १८९६ साली जवळच्या ओढ्यात सोने सापडले आणि दोनच वर्षांत तेथे सुमारे तीस हजार माणसे गोळा झाली. चिखलातील तंबू, विषमज्वर, उपासमार आणि कडाक्याची थंडी असे तेथील जीवन होते. त्या गर्दीत फादर विल्यम जज हे येशूसंघीय धर्मगुरू रुग्णालय चालवीत होते. सोने शोधायला गेलेल्यांमध्ये सोने न शोधणारा हा एक माणूस! १६ जानेवारी १८९९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोम येथे सोने सापडल्याची वार्ता आली आणि डॉसनमधील हजारो माणसे एका उन्हाळ्यात गाव सोडून गेली.

खाणीच्या छावणीचे प्राक्तन असे असते. ती भूमातेने वसविलेली नसते, भूमातेकडून काही घेण्यासाठी ती वसविलेली असते. घेणे संपले की छावणी उठते, आणि क्वचित एखादी छावणी मागे राहून गाव होते. असे गाव कसे घडते, कोणाच्या जिवावर घडते आणि पुढे त्याचे काय होते, हे पाहण्यासाठी अलास्काला जाण्याची गरज नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याखाली कोयनानगर आहे.

नदीचे वळण

कृष्णेप्रमाणेच कोयनेचाही उगम महाबळेश्वरी होतो. परंतु कृष्णा लवकरच पूर्वेकडील सपाटीकडे वळते, तर कोयना सह्याद्रीच्या धारेला बिलगून सुमारे पासष्ट किलोमीटर दक्षिणेकडे वाहत जाते. हेळवाकजवळ मात्र ती काटकोनात पूर्वेकडे वळते, पाटणवरून कऱ्हाडला येते आणि तेथे कृष्णेला समोरासमोर भेटते. हा कऱ्हाडचा प्रीतिसंगम सर्वपरिचित आहे. हेळवाकच्या वळणाचे महत्त्व मात्र अभियंत्यांनीच प्रथम ओळखले. या वळणाच्या पश्चिमेला डोंगराची एकच धार आडवी आहे. ती ओलांडली की कोकण. कोकणातले पोफळी गाव कोयनेच्या पात्रापासून थोडक्याच अंतरावर आहे, पण सुमारे पावणेपाचशे मीटर खाली. नदी पूर्वेला न जाता डोंगरातून पश्चिमेला सोडता आली, तर त्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातून प्रचंड वीज निर्माण होईल, हे साधे गणित होते.

हे गणित जुने आहे. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याचे पाणी खोपोलीस सोडून वीज निर्माण केली होती. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनीच कोयनेच्या खोऱ्याची पाहणी करविली. परंतु १९२८ च्या सुमारास आलेल्या आर्थिक अडचणींमुळे तो विचार मागे पडला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तो पुन्हा हाती घेतला. १९५१ मध्ये तपासणीसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला, १९५३ मध्ये योजनेस मान्यता मिळाली आणि १९५४ च्या आरंभी प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. उत्तरेतील छावणी सोन्यासाठी उभी राहिली. येथील छावणी उभी राहिली ती उतारासाठी. येथील धन म्हणजे पाण्याची उंची.

डोंगराच्या पोटात

त्या काळचा हा मुलूख कसा होता, याची आज कल्पना करणे अवघड आहे. वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस. ज्येष्ठात आभाळ खाली उतरले की आश्विनापर्यंत डोंगर दिसत नाही. उतारावर नाचणी आणि वरी, दरीच्या तळाशी भाताची खाचरे, डोक्यावर इरले, अंगावर घोंगडी. घरटी एखादा माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, आणि बाकीचे कुटुंब त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहत डोंगरात. कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणारा रस्ता हाच काय तो बाहेरच्या जगाशी दुवा.

अशा ठिकाणी एकाएकी यंत्रे आली. धरणाच्या कोणत्याही छावणीचा आराखडा ठरलेला असतो. टेकडीवर साहेबांचे बंगले, त्याखाली कारकुनांच्या आणि मिस्त्रींच्या चाळी, आणि सर्वांत खाली, पाण्याच्या अगदी जवळ, मजुरांची खोपटी. रुग्णालय, शाळा, बाजार आणि टपाल कचेरी मागाहून येते. कोयनानगर असेच घडले. तेथे कोणी पिढीजात पाटील नव्हता, गावकूस नव्हते, ग्रामदैवताची यात्रा नव्हती. प्रत्येक जण दुसरीकडचा होता. या अर्थाने ते खेडे नव्हतेच, आणि शहर होण्याइतके मोठेही ते कधी झाले नाही.

बाहेरून दिसते ते धरण. ८०७ मीटर लांब आणि पायापासून १०३ मीटर उंच अशी ही भिंत रबल काँक्रीटची, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून उभारलेली आहे. पण या योजनेचा आत्मा दिसत नाही. तो डोंगराच्या पोटात आहे. जलाशयातून पाणी आत घेणारा सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचा बोगदा, तेथून खोल उतरणाऱ्या विहिरींसारख्या वाहिन्या, आणि तळाशी खडक कोरून केलेले वीजगृह. हे सारे काम खाणीचे होते. तेच छिद्र पाडणे, तीच सुरुंगाची दारू, तोच धूर, तीच ओल आणि तेच मरणाचे भय. खाणीत माणूस खडकात शिरतो तो खडक बाहेर आणण्यासाठी. येथे तो शिरला पाण्याला वाट करून देण्यासाठी, इतकाच काय तो फरक.

१९६२ साली पहिले जनित्र सुरू झाले. एक एक टप्पा वाढत योजनेची एकूण क्षमता पुढे १,९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी जलाशयाचे पाणी न उतरवता त्याच्या तळाशी शेवटचा खडक स्फोटाने फोडून बोगद्यात पाणी घेण्यात आले. 'लेक टॅपिंग' हा शब्द त्या वेळी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. अभियंत्यांची नावे त्या निमित्ताने छापून आली, आणि ती यावीतच. परंतु पहिल्या बोगद्यात हातात पहार घेऊन उतरलेल्यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? डॉसनच्या स्मशानात निदान लाकडी फळ्यांवर नावे तरी कोरलेली आहेत.

पाण्याखालची घरे

छावणी वसत होती तेव्हाच वरच्या अंगाला दुसरे काही उठत होते. धरणामागे जो जलाशय झाला त्याला शिवसागर म्हणतात. त्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे कोयनेचे ते दक्षिणोत्तर खोरे जवळजवळ सगळेच पाण्याखाली गेले. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ पोहोचली. प्रथम बुडाली ती तळाची भाताची खाचरे, कारण सुपीक माती नेहमी तळाशी असते. कोणी रायगड, ठाणे, रत्नागिरीकडे गेले, कोणी सोलापूर आणि सांगलीच्या कोरड्या माळावर. पाच हजार मिलिमीटर पावसात वाढलेल्या माणसाला पाचशे मिलिमीटरच्या माळावर शेती करायला सांगणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी शेतकरी असण्याची आवश्यकता नाही.

ज्यांना खोरे सोडवेना ते पाण्याच्या वर सरकले आणि उतारावर झोपड्या बांधून राहिले. रस्ते बुडाले होते. तेव्हा तालुक्याच्या गावी जायचे तर लाँचने. ज्यांच्या दारातल्या पाण्यावर मुंबई उजळत होती, त्यांच्या घरात कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच होती. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण सहज वापरतो. या खोऱ्यात ती वस्तुस्थिती होती.

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. त्या काळी प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राचा असा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे धरण भरल्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. देश नवा होता, विजेची निकड खरी होती, आणि आपण राष्ट्रासाठी देत आहोत अशी देणाऱ्यांपैकी अनेकांची प्रामाणिक भावना होती. दोष केवळ घेण्यात नव्हता. घेतल्याचा हिशेब न ठेवण्यात होता. १९८५ साली याच खोऱ्यात अभयारण्य जाहीर झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. वाघासाठी जंगल राखणे योग्यच. परंतु एकदा उठलेल्यांच्या शेजारच्या वाड्यांना पुन्हा उठण्याचा विचार करावा लागला. २०१८ साली कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगर येथे दीर्घकाळ धरणे धरले. धरणासाठी गेलेल्या जमिनीचा न्याय मागण्यासाठी नातवंडांनी धरणे धरावे, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

११ डिसेंबर १९६७

दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. जलाशय भरू लागला आणि खोऱ्यात जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली, बारीक धक्के जाणवू लागले. मोजणीसाठी यंत्रे बसविण्यात आली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, सोमवार ११ डिसेंबरच्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, लोक थंडीत गाढ झोपेत असताना जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.६ च्या दरम्यान मानली जाते. दगडमातीच्या भिंती निजलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे मृत्यूमुखी पडली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातील बहुतेक घरे राहण्यायोग्य उरली नाहीत.

धरण मात्र उभे राहिले. त्याच्या वरच्या भागात, जेथे भिंतीचा उतार बदलतो तेथे, दोन्ही अंगांना चिरा पडल्या. पण ते फुटले नाही. ते फुटले असते तर पाटण आणि कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठचे काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. पुढे धरणाला मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले. धरणाच्या आत बसविलेल्या यंत्राने त्या पहाटेच्या हादऱ्याची जी रेषा टिपली, ती जगभरच्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय बनली. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातील सर्वांत मोठा ज्ञात भूकंप म्हणून कोयनेचे नाव आजही घेतले जाते. भारताच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात १९७० साली फेरबदल झाले, त्यालाही हीच पहाट कारणीभूत ठरली.

पाणी भूकंप निर्माण करते असे म्हणणे मात्र बरोबर नाही. खडकातील ताण लक्षावधी वर्षांचा असतो. जलाशयाचे वजन आणि भेगांतून खोल झिरपणारे पाणी त्या ताणाला निमित्त देते. हे नेमके कसे घडते ते पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात खोल विवरे खोदली. कोयनानगरजवळ रासाटी येथे काळ्या कातळाचा थर ९३३ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइटसदृश जुना खडक लागला. २०१७ मध्ये दुसरे एक विवर तीन किलोमीटर खोलीपर्यंत नेण्यात आले. कऱ्हाड येथे या संशोधनासाठी प्रयोगशाळा आहे. ज्या भूमीला आपण जड समजून छेदले, तिच्या अंतरंगाची विचारपूस आपण आता, इतक्या उशिरा, करीत आहोत.

भूकंपानंतर कोयनानगरची माणसे उघड्यावर, तंबूत आणि पत्र्याच्या आडोशाला राहिली. छावणीतून जे गाव घडत होते, ते एका पहाटेत पुन्हा छावणी झाले. आणि तरीही ते उठून गेले नाही. वीजगृह बंद ठेवता येत नव्हते, धरणाची डागडुजी करायची होती, आणि काही माणसांना आता दुसरे घर नव्हते. छावणीचे गाव नेमके कोणत्या दिवशी होते, असे कोणी विचारले तर मी १९५४ हे वर्ष सांगणार नाही. ज्या दिवशी माणसे पळून जाऊ शकत असतानाही मागे राहिली आणि ज्या दिवशी त्यांनी आपले मृत त्याच मातीच्या स्वाधीन केले, तो दिवस मी सांगेन.

कुंडल रोडचा माळ

छावणीला गावपण येते कशाने, हे पाहण्यासाठी कृष्णेच्या खालच्या अंगाला, आजच्या सांगली जिल्ह्यात जाऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला नांगरांचा कारखाना हलवावा लागला, कारण ती जागा नगररचनेसाठी हवी होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर! पाण्याची वानवा. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे तेथे उतरली. आरंभी तीही छावणीच होती.

परंतु लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबर घरे, शाळा आणि झाडेही वाढविली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना पहारेकरी नेमले. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले, १९३० साली 'स्त्री'. एका आडवळणाच्या माळावरून निघणारी मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत वाचली जाऊ लागली. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो कारखाना भस्मसात झाला. तरी पुन्हा उभा राहिला. स्टेशनचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले.

दोन्ही वस्त्यांवर एकेकदा संकट कोसळले, दोन्ही टिकल्या. पण फरक आहे. वाडी वसविणारा स्वतः वाडीत राहत होता. कोयनानगर ज्यांनी आखले त्यांची बदली होत असे. वाडीचे काम संपणारे नव्हते. धरणाचे काम संपणारे होते. बांधकाम सरले तसे कोयनानगरातील मजूर दुसऱ्या धरणांकडे गेले, कचेऱ्या आटल्या, चाळी रिकाम्या पडू लागल्या. ज्या गावाचा पोशिंदा दूर राहतो, त्या गावाचे भवितव्यही दूरच कोठेतरी ठरते.

पाण्याचे दोन रस्ते

कोयनेचे पाणी आज दोन दिशांना जाते. पश्चिमेला वीज देऊन ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळविण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पूर्वेला ते नदीपात्राने कृष्णेत येते, आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना कृष्णेचे पाणी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात चढवितात. म्हणजे नदीच्या उतारातून मिळालेल्या विजेवर नदीचेच पाणी पुन्हा चढावर न्यायचे. कवठेमहांकाळ, जत, आटपाडीच्या रानात द्राक्ष-डाळिंबाला जे पाणी मिळते, त्यात कोयनेच्या खोऱ्यातील बुडालेल्या भातखाचरांचा वाटा आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीकरांचे डोळेही याच धरणाच्या दरवाजांकडे लागले होते. लाभ आणि भय दोन्ही एकाच पात्रातून येतात.

आपल्यापैकी बहुतेक जण कोयनेपासून दूर राहतो. तरी घरात दिव्याचे बटण दाबताना, गिरणीवर दळण टाकताना, चर्चमध्ये नाताळचा तारा उजळताना त्या बोगद्याशी आपला संबंध येतो. हा संबंध ऋणाचा आहे. ऋण फेडण्याआधी ते मान्य करावे लागते, आणि मान्य करण्यासाठी ते कोणाचे आहे हे ठाऊक असावे लागते.

पुन्हा छावणी

२२ जुलै २०२१ च्या रात्री अतिवृष्टीने पाटण तालुक्यात डोंगर खचले. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली घरे गाडली गेली, माणसे गेली. जे वाचले त्यांना ठेवायचे कोठे, असा प्रश्न आला, तेव्हा कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतील त्याच जुन्या, रिकाम्या खोल्या उघडण्यात आल्या. धरण बांधणाऱ्यांसाठी कधीकाळी उभारलेल्या त्या खोल्यांत, धरणाच्या काठच्या डोंगराने बेघर केलेली कुटुंबे आपली भांडीकुंडी घेऊन आली.

चिकन गावातील तंबू कधीच कुजून गेले. कोयनानगरच्या चाळींना अजून भिंती आहेत, छप्पर आहे, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले नव्हते अशा माणसांना त्यांनी आडोसा दिला आहे. तात्पुरता निवारा, असे कागदोपत्री लिहिलेले असते. या खोऱ्यातील वृद्धांना तो शब्द नवा नाही. १९६७ च्या डिसेंबरातही हाच शब्द वापरला गेला होता, आणि त्याआधी, खोरे भरू लागले तेव्हाही.